टाचा घासायची वजरी
मंडईबाहेर टाचा घासायच्या मातीच्या वजऱ्यांचा ढीग दिसला, की मी अजूनही रस्ता ओलांडून पलीकडून जातो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आमच्या चर्चच्या मंडळाचा सेक्रेटरी होतो आणि त्याची मला चांगलीच ऐट होती. येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी बारा जणांत फादरांनी चर्च झाडणाऱ्या मावशींचं नाव घातलं. मावशी कायम अनवाणी असायच्या, टाचांना काळ्या भेगा पडलेल्या. मी त्यांना बाजूला घेऊन म्हणालो, "अहो मावशी, तेवढे पाय जरा नीट घासून या. लोक बघतात." संध्याकाळी चर्चमध्ये मेणबत्त्यांचा आणि मोगऱ्याचा वास कोंदला होता. मी टॉवेल घेऊन फादरांच्या मागे उभा होतो. मावशींच्या पायांवर पाणी पडलं आणि परातीतलं पाणी हळूहळू लाल होत गेलं. फादरांचा हात थांबला. "हे काय केलंत?" त्यांनी हळूच विचारलं. मावशी ओशाळल्या. "दुपारभर वजरीने घासत होते, फादर. साहेबांनी सांगितलं होतं ना." फादरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खाली वाकून त्या पायांचं चुंबन घेतलं आणि टॉवेलसाठी हात मागे केला. मी उभ्या उभ्याच टॉवेल दिला. गुडघे टेकून ते पाय आपण पुसावेत, हे तेव्हा मला सुचलं नाही. आता दर पवित्र गुरुवारी सुचतं, आणि मावशी जाऊन कैक वर्षं झाली.