गाळातली पांढरी खपली आणि साडूचा गुलाब

माझ्या साडूनं मला फसवलं. ऐंशीच्या दशकात घाटकोपरला सांडपाणी शुद्धीकरणाच्या केंद्रात माझं पाइपदुरुस्तीचं कंत्राट होतं. गाळाच्या पाइपांत दगडासारखी पांढरी खपली धरायची. तिच्यात झाडांना लागणारं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, असतं हे कळल्यावर फोरमनशी घासाघीस करून मी ती मिळवली. थोडी साडूला दिली. माझ्या खिडकीत ऊन नव्हतं; त्याला मुलुंडला गच्ची होती. प्रदर्शनात त्याच्या गुलाबाला पहिलं बक्षीस मिळालं.

"खत कुणाचं ते सांग ना रे," सासूबाईंकडे जेवताना त्यांच्यासमोर मी साडूला म्हणालो.

"कसलं खत? नुसतं पाणी घालतो, यार!"

"मोठ्या जावयाच्या हातालाच गुण आहे," सासूबाई म्हणाल्या.

मी भरल्या ताटावरून उठलो आणि त्याला खपली देणं बंद केलं. आता साडूनं उत्तर द्यावं: नुसत्या पाण्यावर तसा गुलाब पुन्हा का फुलला नाही?