रात्रपाळीची झोप

आमच्या घरात सकाळी नऊ ते दुपारी तीन कुणी मोठ्यानं शिंकायचंसुद्धा नाही, हा माझा नियम. आमचे हे मसाटच्या कारखान्यांच्या वसाहतीत, धाग्याच्या कंपनीत. वीस वर्षं त्यांनी रात्रपाळीच मागून घेतली. दिवसा पोरांबरोबर राहता येतं म्हणे. राहायचे कसले, घोरायचे. म्हणून मी बेलची वायर काढून ठेवलेली, कुकर ते यायच्या आत उतरवलेला. शेजारची गुजराती बेन आमच्या दारात आली की आपोआप कुजबुजायला लागायची. नातीला तर ‘आजी’ म्हणायच्या आधी ‘श्श’ म्हणता यायला लागलं.

तीनला उठले की मात्र घर त्यांचं. माणसाला हौस तरी कसली? गाडी नको, कपडा नको. गावाकडून कुणी भरताची वांगी आणली की स्वतः भाजायला बसायचे, वरून कच्चं तेल सोडायचे आणि पहिला घास नातीला. तिला वासोण्याच्या सफारीत सिंह दाखवायला नेलं, तर पोरगी राहिली बाजूला, हेच बसच्या काचेला नाक लावून. घरी आल्यावर सिंह जांभई कशी देतो ते मला करून दाखवलं. मी म्हटलं, पुरे, वयाला शोभतं का? मनातून मला फार आवडायचं ते. तोंडावर कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळी आले, चहा-पोळी खाल्ली, “वांगी मी उठल्यावर भाजतो, तू हात लावू नको,” म्हणाले आणि आडवे झाले. मुलगा-सून कामावर गेलेले. बाराच्या सुमारास नात स्वयंपाकघरात आली. पाच वर्षांची आहे. कुजबुजत म्हणाली, “आजी, आजोबांचा हात गार लागतोय.”

मी चिडले. “तू आत गेलीसच कशाला? कूलर लावलाय, गार लागणारच. झोपमोड केलीस तर बघ.” ती पुन्हा सांगायला लागली तशी तिच्या पाठीत धपाटा घातला. पोर गप जाऊन कोपऱ्यात बसली. मी खोलीचं दार लोटून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू.

सव्वातीन झाले तरी हे उठेनात, म्हणून चहा घेऊन गेले. हाक मारली. हलवलं. हात धरला, तो गार. सकाळी वांग्यांबद्दल बोललेला माणूस असा कसा जाईल? मला आजही ते पटत नाही. वीस वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा दिवसा ओरडले. बेन धावत आली, तर तीही सवयीनं कुजबुजतच विचारत होती, काय झालं म्हणून.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, बरेच तास झाले असावेत. बरेच म्हणजे बाराच्या आधी की नंतर, हे विचारायला माझी जीभ रेटेना.

मग माणसं यायला लागली. आमच्या टोकरखाडा वस्तीतली, त्यांच्या कंपनीतली, गावाकडची धुळ्याची. जो तो म्हणे, पुण्यवान माणूस, झोपेत गेला, घरात कुणाला कळलंसुद्धा नाही. मी मान हलवत राहिले. नात समोर बसून माझ्याकडे बघायची. कुणाला काही बोलली नाही. धपाटा खाल्लेलं पोर, बोलेल कशाला?

तेराव्यानंतर सून म्हणाली, “आई, ही जेवत नाही, धड बोलत नाही. काय झालंय हिला?” तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. मुलाला आणि सुनेला बसवलं आणि नातीच्या देखत सगळं सांगितलं. “हिनं मला बारा वाजता सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, वर मारलं हिला.” मुलगा उठून गॅलरीत गेला.

नात माझ्याजवळ आली. आवाज अजून तसाच, कानाशी आल्याशिवाय ऐकू न येणारा.

“आजी, मग मी जोरात सांगायला पाहिजे होतं का गं?”