खाडीतल्या तिसऱ्या

आमच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातलं पाणी जिथे खाडीत सुटतं, तिथे मी रोज सकाळी तपासणीसाठी बाटली भरायला जातो. परवा ओहोटी होती. चिखलात वाकून एक म्हातारी कोळीण तिसऱ्या वेचत होती. कित्येक वर्षं नाहीशा झालेल्या या शिंपल्या परत आल्या, म्हणून मी मनातून सुखावलो. तिने ओंजळभर तिसऱ्या धुतल्या, जरा वेळ पाहिल्या आणि पुन्हा चिखलात सोडून दिल्या.

"मावशी, पाणी आता चांगलं आहे," मी म्हणालो.

"ठाव हाय मला."

मग पदराला हात पुसत ती सांगू लागली. केंद्र नव्हतं तेव्हा शहराचं सगळं मैलापाणी नाल्यातून थेट इथे यायचं. त्या दिवसांत तिची धाकटी बहीण माहेरपणाला आली. हिने हौसेने तिसऱ्यांचं कालवण केलं. दुसऱ्या दिवशी बहिणीला उलट्या-जुलाब सुरू झाले आणि दोन दिवसांत ती गेली.

"मागून मागून जेवली रे," म्हातारी म्हणाली.

मी वाकून बाटली भरली. बाटलीतलं पाणी नितळ होतं. खाडी पुन्हा जिवंत होतेय, हे मी रोज वहीत लिहितो. पण ती मेलेली असताना तिच्यासोबत कोण कोण गेलं, ते कुठल्याच वहीत नाही.

"खायच्या नाहीत, तर वेचता कशाला?" मी शेवटी विचारलं.

ती पुन्हा वाकली होती. "तिला लई आवडायच्या," ती म्हणाली.