रुमालाखालचा हात

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, घरात तूर पडून होती आणि ती लातूरच्या मोंढ्यात विकायला न्यायची सोय राहिली नव्हती.

कारण माझा पोरगा. तो दिल्लीत सरकारचा आर्थिक सल्लागार. बाहेरच्या देशातून डाळ आणायची का नाही, हे ज्या खोलीत ठरतं तिथं तो बसतो. मी चौथी शिकलेला, त्याचं सगळं काम मला कळत नाही. पण माझ्या लेकाला विचारल्याबिगर दिल्लीत डाळीचा दाणा हलत नाही, हे मी गावात छाती काढून सांगायचो. आजही सांगतो.

बायकोनं किडे होऊ नयेत म्हणून तूर उन्हात घातली, की गल्लीत बोंब: "साहेबाच्या घरचे तूर ठेवून राहिले, भाव चढणार!" लोकांनी भरलेले टेम्पो रिकामे केले. मी नुसतं एक पोतं झटकलं, तर शेजारी भिंतीवरून म्हणाला, "काय मामा, दिल्लीचा फोन आला वाटतं? आम्ही पण काढू का विकायला?" तूर माझी, घर माझं, अन् मलाच हलता येईना.

उन्हाळ्यात पोरगा आला. संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत बसवलं आणि खांद्यावरचा रुमाल त्याच्या हातावर टाकून खालून त्याचा हात धरला. देवणीच्या बैलबाजारात सौदा असाच व्हायचा. रुमालाखाली बोटं दाबायची, भाव दोघांनाच कळायचा. त्याला लहानपणी मीच शिकवलं होतं.

"तोंडानं सांगू नको," मी म्हणालो. "ठेवायची आसंल तर मूठ धर. विकायची आसंल तर एक बोट दाब."

त्याचा हात तसाच पडून राहिला.

"दादा, बोट हलवलं तरी ती खबरच की. अन् तुम्हा एकट्याला दिली तर चोरी."

"बापाला सांगितलं तर चोरी?"

"हाव. बापाला सांगितलं तर जास्तच."

"मग शेजाऱ्याचं न शिकलेलं पोरगं बरं. त्याचा बाप पाहिजे तवा तूर विकतो."

"मला तरी कुठं बोलता येतं दादा? लग्नात वरण वाढणाऱ्याला 'बस' म्हणालो तरी लोक विचारतात, डाळ महागणार का?"

मला हसू आलं, पण मी दाबलं. त्यानं हात काढला नाही. मीही सोडला नाही. बायको जेवायला हाक मारून मारून थकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तोवर शेजारी दारात.

"मामा, आता तरी सांगा. ठेवायची का विकायची?"

माझ्या दारात टेम्पो लागला होता. सगळी तूर त्यात चढली होती.

"भरडायची," मी म्हणालो. "डाळमिलवर चाललो."

"अन् एवढ्या डाळीचं काय?"

"खायची."

"मरेपर्यंत वरणच खाता का काय?"

"हाव," म्हणालो आणि पोत्यांवर चढून बसलो.