पिवळी गाठ

मास्तरताईच्या दुकानात दोन शिलाई मशिनं. एकावर ती, दुसऱ्यावर झुंबर बसायची. कानात हे एवढाले लोलक, म्हणून झुंबर. दोघीही ट्रान्स बायका. घरच्यांनी दार लावलं, तेव्हा दोघींनी मिळून दुकान उघडलं. कोटात झुंबरचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपल्या पाठीचं माप आपल्याला घेता येत नाही, म्हणून शहरातले निम्मे शिंपी स्वतःचा कोट तिच्याकडून शिवून घेत; मात्र गुपचूप.

गेल्या वर्षी बसस्टॉपवर चार टवाळांनी "बाई समजतोस काय स्वतःला" म्हणत झुंबरला मारलं. ती वाचली नाही.

शिंप्यांच्या संघटनेत दर वार्षिक सभेत वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं वाचतात. मास्तरताईने हॉलमध्ये शिरताच यादी पाहिली आणि ती तडक चिटणिसांकडे गेली. यादीत झुंबरचं जुनं, पुरुषाचं नाव होतं.

"ती जशी जगली, त्यासाठीच तिला मारलं, भाऊ. निदान तिचं नाव तरी तिला राहू द्या."

"ताई, रजिस्टरमध्ये आहे तेच वाचणार," चिटणीस म्हणाले. "झुंबर नावाचा सभासदच नाही आपल्याकडे."

"बरं. मग अंगातल्या कोटाचा डावा खिसा जरा उलटा करा."

"भर सभेत?"

"रिकामाच असेल. लाजता कशाला?"

मागच्या रांगेत खसखस पिकली. चिटणिसांनी नाइलाजाने खिसा बाहेर काढला. शिवणीच्या टोकाला पिवळ्या दोऱ्याची बारीक गाठ होती. कपडा दुरुस्तीला आला की आपलं काम ओळखू यावं, म्हणून झुंबर ती मारायची.

"माझ्यातही आहे की," एक म्हातारे मास्तर खिसा उलटा करत म्हणाले. मग तिसरा, चौथा. बघता बघता अर्ध्या सभेचे खिसे जिभा काढल्यासारखे बाहेर लोंबू लागले.

चिटणीस गाठ चाचपत राहिले. "लेकीच्या लग्नात घातला होता हा. अजून एक टाका उसवला नाही." त्यांनी पेन काढलं, यादीतलं नाव खोडलं आणि 'झुंबर' असं ठळक लिहिलं.

नाव वाचून झालं. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. खिसे आत घालायचं कुणालाच सुचलं नाही. मास्तरताईने रुमाल तोंडाला लावला. ती रडतेय की हसतेय, शेजारच्याला कळेना. दोन्ही चाललं होतं.

"ताई, खिसा आत घालू ना आता?" चिटणिसांनी हळूच विचारलं.

"घाला. गाठीला तेवढी कात्री लावू नका."