आधी खुरडून दाखव

"ताई, कॅलिपर काढा आता. तुमचा नंबर आला."

मांडवामागं पत्र्याला टेकून मी बसले होते. अंगावर नवी हिरवी साडी, केसांत गजरा. बाहेर लाऊडस्पीकरवर माझंच कौतुक चाललेलं. वीसेक वर्षं एक पैसा न घेता सेवा करणाऱ्या आमच्या ताई, आज शिबिरात त्यांचा सत्कार. आणि संस्थेची मॅडम येऊन म्हणते, कॅलिपर काढा.

मला वाटलं पट्टा-बिट्टा उसवला असेल. म्हटलं, "का वो?"

"दादासाहेबांची इच्छा आहे. तुम्ही लहानपणी आला होतात ना, तशाच स्टेजसमोर यायचं. मग दादासाहेब स्वतः तुम्हाला कॅलिपर घालणार, तुम्ही उभ्या राहणार, मग शाल. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल बघा."

तशाच म्हणजे खुरडत. ढुंगणावर बसून, हातांनी माती रेटत. नव्या साडीत. माझ्याच सत्काराला!

माझा डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेला. लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधला की मी उभी राहते, चालते, एसटीची पायरी चढते. तो काढला की जमिनीवर. ओतूरच्या स्टँडमागं आमची संस्था आहे. कॅलिपर, कुबड्या, कृत्रिम पाय इथं बनतात. त्यातलं चामड्याचं सगळं काम माझ्या हातचं. घरी ब्लाउज शिवून मी पोट भरते आणि उरलेला वेळ इथं घालवते. मला कुणी बोलावलं नव्हतं. मातीत बसलेलं माणूस बघितलं की मला चैन पडत नाही, म्हणून येते.

दादासाहेब आमचे अध्यक्ष. मोठे बागायतदार. माणूस वाईट नाही, हेच तर माझं दुखणं. शिव्या देणारा असता तर कधीच भांडून मोकळी झाले असते. पण त्यांनीच मला पाय दिला, त्यांनीच शाळेत घातलं. मग तोंड उघडणार कसं?

आमची वस्ती खोडदला, त्या आभाळाकडं तोंड केलेल्या दुर्बिणीच्या मोठ्या अँटेनांच्या पल्याड. बा मेंढरं राखायचा. मी सात-आठ वर्षांची असंन, बानं मला पाठुंगळी घेतलं आणि ओतूरच्या शिबिराला आणलं. शाळेचं मैदान. खुर्च्यांवर पाहुणे. टेबलावर माझा कॅलिपर, त्याला झेंडूचा हार. दादासाहेब तेव्हा तरणे होते. माझ्या गालाला हात लावून गोड आवाजात म्हणाले, "बाळ, आधी खुरडून दाखव पाहुण्यांना. मग पाय मिळेल."

मी बाच्या तोंडाकडं पाहिलं. माझा बा लई तापट. मेंढराला कुणी दगड मारला तर काठी घेऊन धावून जायचा. तो मुंडासं काढून काखेत धरून उभा होता. खाली बघत म्हणाला, "खुरड पोरी. देत्यात ते."

मी खुरडले. फ्रॉक वर गेला. आत चड्डी फाटकी होती, ते मला ठाऊक होतं आणि आता सगळ्या मैदानाला कळलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी फोटो काढला. तो फोटो आजही संस्थेच्या ऑफिसात दारासमोर टांगलाय. रोज मी त्याच्याखालून आत जाते. लाज वाटते, राग येतो, आणि मी आत जाऊन मशीनवर बसते. दर शिबिराला हा खेळ होतो. पेशंटला आधी मातीत बसवायचं, मग पाय द्यायचा. तेवढ्या वेळात मी जोरात मशीन चालवते. टाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून.

आज मशीन नव्हतं. मी मॅडमला म्हटलं, "न्हाई जमायचं."

ती दादासाहेबांना घेऊन आली. ते चिडले नाहीत. जवळ वाकून म्हणाले, "अगं, तुला पाय कुणी दिला? माझ्यासाठी एकदा. शेवटचं."

खरं सांगते, हात गुडघ्याच्या बकलावर गेला. एक पट्टा सुटलासुद्धा. इतकी वर्षं उपकाराचं ओझं वाहिलं की हात आपोआप ऐकतात. पण दुसरा पट्टा काही सुटेना माझ्याच्यानं.

दादासाहेबांनी घड्याळात बघितलं. मॅडमला म्हणाले, "ही लाजतीय. राहू दे. त्या तळेघरच्या म्हाताऱ्याला घ्या तोवर."

तळेघरचे बाबा मागंच बाकड्यावर बसले होते. एक पाय गुडघ्याखाली तोडलेला. दोन एसट्या बदलून नवा पाय न्यायला आलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कुणी सांगायच्या आत त्यांनी कुबड्या टाकल्या आणि सरकन मातीत बसले.

"खुरडतो की. मला म्हाताऱ्याला कसली लाज? पाय तेवढा द्या, साहेब."

आणि त्यांनी मुंडासं काढून काखेत धरलं.

समोर मला माझा बा दिसला. तोच बा. तसाच खाली बघणारा. मेला बिचारा, पण त्या दिवसाचं एक अक्षर कधी माझ्याशी बोलला नाही.

मी सुटलेला पट्टा करकचून आवळला. उठले. शेजारच्या टेबलावर हार घालून ठेवलेला त्यांचा नवा पाय उचलला, हार ओढून फेकला. मातीत बसले त्यांच्यासमोर आणि पाय चढवला. पट्टा मीच शिवलेला होता.

"बाबा, मुंडासं बांधा. उठा. पाय तुमचा हाय, मातीत बसायचं न्हाई."

"पर साहेब?"

"साहेब बघत्याल."

दादासाहेब ओरडले, "हे काय चाललंय?" तेवढ्यात स्पीकरवर माझं नाव पुकारलं. मी बाबांचा हात धरला. दोघं डुलत, ठेचकाळत, पण उभ्यानं स्टेजवर गेलो. कुणी द्यायच्या आत मी माईक घेतला.

"पाय दिला, लई उपकार झालं. पर मी खुरडून दाखवणार न्हाई. हितनं पुढं कुणालाबी दाखवू द्यायची न्हाई."

एक टाळी पडली नाही. दादासाहेब हातात शाल घेऊन तसेच खाली उभे. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "मातलीय." मी शाल न घेता उतरले. स्टँडवर बाबांना एसटीत बसवलं आणि घरी जाऊन भडाभडा रडले. बा नव्हता ना बघायला.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेले. स्टुलावर चढून खिळ्यावरचा फोटो काढला. मॅडम म्हणाली, "दादासाहेबांना विचारलं का?"

"फोटोत मी हाय. मला इचारलं व्हतं का कुणी?"

काम मी सोडणार नाही. ते काय त्यांच्या बापाचं नाही. पुढचं शिबिर घोडेगावला आहे. त्या दिवशी मी मशीनवर बसणार नाही. मैदानात, पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढं उभी राहणार. मग म्हणू दे कुणाला म्हणायचंय ते, आधी खुरडून दाखव.