चंद्रभान दाजीनं लेकरू छातीला बांधलं

आमच्या चंद्रभान दाजीला गावात बाळंतीण म्हणतेत. हाटेलात चहाला गेले की कुणी तरी इचारतंच, काय बाळंतीणबाई, डिंकाचे लाडू संपले का. हसायचं तर हसा. पण आधी झालं ते ऐका, मंग हसा. अर्ध्या गावाला खरं ठाव न्हाई, अन् ज्याला ठाव हाय त्याला सांगायची लाज वाटती. मला वाटत न्हाई.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, राजेश्री आक्काचा नवरा. गंगाखेडच्या बाजूचं गाव. चुलते दिनकरराव, त्यायचा ट्रॅक्टर, अन् दाजी त्याच्यावर डायवर. दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्यावर न्यायचा. मिशा पिळलेल्या, आवाज असा की घरात पाणी मागितलं तर शेजारचा उठून बसल. आक्काचं लग्न ठरलं तवा मी म्हणले होते, हे माणूस न्हाई, हॉर्न हाय. दाजीला ते कळालं. तवापासून मला बघितलं की मुद्दाम मोठ्यानं खाकरायचे.

आक्काला आठवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, झरीला व्हायचं होतं. पण पाय सुजले, डोकं दुखायचं थांबंना, अन् एक दिवस चुलीपुढंच तिला झटके आले. दाजीनं उचलून जीपात घातलं, परभणीला नेलं. ऑपरेशन करून पोरगी काढली. दीड किलोची. माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत मावायची, त्याच्या पलीकडं काहीच न्हाई. आमचे माय-बाप सांगलीकडं ऊस तोडायला गेलते, म्हणून मीच गेले.

पोरगी काचेच्या पेटीत होती. जरा सुधारल्यावर सिस्टरनं दाजीला आत बोलावलं अन् म्हणल्या, शर्ट काढा. दाजी इकडं तिकडं बघायले. सिस्टरनं समजून सांगितलं. लेकराला टोपी घालायची, बाकी उघडंच छातीला लावायचं, वरून कपड्यानं बांधायचं. माणसाच्या अंगाची ऊब अशा लेकराला जगवती. आईनं करायचं असतंय, पण आईला उठून बसता येईना, म्हणून बापानं करायचं. घरी गेल्यावर बी दिवस-रात्र. मोठी होईस्तोवर न्हाऊ घालायचं न्हाई, शेगडी न्हाई, धुरी न्हाई. पाय हाताला गार लागले की समजायचं, लेकरू गारठलं.

दाजी हळूच म्हणले, "सिस्टर, माझ्या छातीवर केसं लय हायेत. टोचतील की तिला."

सिस्टर म्हणल्या, "अस्वलाच्या पिल्लाला टोचतेत का?"

पोरगी छातीला लागली अन् ह्या माणसाची बोलतीच बंद झाली. मला खुणेनं बोलावलं अन् कानात इचारलं, श्वास घेतला तर चालल का. मी म्हणले, घ्या, न्हाईतर दोघं बी जाताल.

घरी आलो तर आक्काचे टाके पिकले. गोळ्या चालू होत्या, ताप चढत-उतरत होता. दूध काढून देयची, आमी चमच्यानं पाजायचो, पण पोरीला बांधून घ्यायची ताकद तिच्यात नव्हती. दाजी बाजंवर उशीला टेकून बसायचे. जेवण तसंच, झोप तशीच. बायका दारातून डोकवायच्या अन् तोंडाला पदर लावून जायच्या. बाप्ये उंबऱ्याच्या आत येत न्हाईत, पण आवाज येतो की. कुणी म्हणलं, चंद्रभान, दूध कव्हा फुटणार. कुणी म्हणलं, पोरीसाठी एवढं, पोरगं झालं असतं तर पोटातच ठेवलं असतं ह्यानं.

दाजीची आई कमलबाई. तिला ह्या गोष्टीनं बेजार केलतं. बाळंतिणीच्या खोलीला सव्वा महिना विटाळ. तिचं पोरगं त्याच खोलीत दिवसभर उघडं बसलेलं, मारुतीला सुदीक जायना. दाजी म्हणले, मारुतीला सांग, थांब जरा. ती म्हणली, देवाला थांब म्हणायला तू तहसीलदार हायेस का.

अन् तिच्या मनात दुसरंच काय तरी होतं. दवाखान्यात पाचवी पुजायची राहिली होती. सटवाईची पूजा न करता लेकरू घरात ठेवलं की सटवाई परत नेती, असं तिचं म्हणणं. आक्कानं मला नंतर सांगितलं, कमलबाईचं पहिलं लेकरू पाचवीच्या आधीच गेलतं. म्हणून मी तिला वाईट म्हणत न्हाई. पण त्या दिवशी म्हणले होते, तोंडावर म्हणले होते.

त्या दिवशी काय झालं, दिनकरराव सकाळीच अंगणात येऊन बसले. दोन ट्रॉल्या फडात भरून उभ्या, ऊस वाळायलाय, दुसरा डायवर मिळंना. एक खेप टाकून ये म्हणले, तुझ्या पाया पडू का. चुलता पाया पडतो म्हणल्यावर दाजी उठले. पोरीला आक्काच्या छातीला बांधलं, मागं गोधड्या लावल्या अन् मला म्हणले, हलू देऊ नको, मी आलोच.

ट्रॅक्टरचा आवाज लांब गेला न गेला, कमलबाई तानुबाईला घेऊन आली. तानुबाई म्हणजे गावातले लेकरं न्हाऊ घालणारी. अर्धं गाव तिच्या पायावर न्हाऊन मोठं झालंय अन् ती ते कुणाला इसरू देत न्हाई. सूप मांडलं, हळद-कुंकू, सटवाईचा दगड, अन् चुलीवर पाणी. मी दारात आडवी झाले. सिस्टरनं काय सांगितलं ते सगळं सांगितलं. तानुबाई म्हणली, शाळा सोडलेली पोरगी मला शिकवायली, हो बाजूला. आक्का न्हाई न्हाई म्हणायली, पण तिच्या अंगात ताप. दोघींनी पोरगी सोडवून घेतली. मी परसात पळाले अन् दाजीला फोन लावला. "दाजी, न्हाऊ घालायलेत." बस, एवढंच बोलले. तिकडून फोन कटला.

आत आले तवर तेल चोळून, पाणी घालून झालं होतं. पोरगी आधी रडली, मंग मांजरावानी बारीक आवाज केला, मंग गप. अंग पुसलं न पुसलं अन् उघडीच सुपात ठेवली. दारातून गार वारं. तानुबाई म्हणली, बघा कशी शांत निजली.

मी पायाला हात लावला. पाय रांजणातल्या पाण्यावानी गार.

"निजली न्हाई, गारठलीय," मी म्हणले, अन् उचलायला वाकले. कमलबाईनं माझं मनगट धरलं. अर्धी पूजा मोडायची नसती म्हणली. तेवढ्यात आक्का टाक्यावर हात दाबून बाजंवरून खाली उतरली. अन् तवाच दाजी आले.

ट्रॅक्टर भर रस्त्यात सोडला होता. मागं गाड्यांची रांग, दिनकररावचा फोन वाजतच होता. हे माणूस पळत आलतं. चपला काढल्या न्हाईत. पूजेतून आरपार आले, दगड एकीकडं, कुंकू एकीकडं. पोरगी उचलली, शर्टाच्या गुंड्या तोडल्या, छातीला लावली. मला वाटलं आता असे ओरडतील की पत्रे उडतील. पण आवाज चढवला न्हाई. आईकडं बघून म्हणले, "सटवाईला म्हणावं, न्यायची असल तर मला उचलून ने. ही माझ्यापासून सुटत न्हाई."

कमलबाई खालीच बसली.

दवाखान्याची गाडी आली. रस्त्यात दाजी मला एकच इचारायचे, पाय बघ. मी गोधडीत हात घालायची. गार. परत, पाय बघ. गार. गाडी आदळली की दोन्ही हातानं पोरीला धरायचे, स्वतःचं डोकं पत्र्यावर आपटू द्यायचे. मी देवाला शिव्या द्यायले होते, खोटं कामून सांगू. गंगाखेडच्या अलीकडं त्यायनं परत इचारलं अन् मी हात घातला, तर अंगठा जरा कोंबट लागला. दाजी म्हणले, सांग की. मी नुसती मान हलवली.

डॉक्टरनं आल्या आल्या तपासलं. म्हणले, नुसती गोधडीत गुंडाळून आणली असती तर काही हाताला लागलं नसतं. तितं ठेवून घेतली, अन् दाजी तितं बी शर्ट काढून बसले.

परत घरी आल्यावर दाजीनं कुणाला हात लावू दिला न्हाई. मला सुदीक न्हाई, फक्त आक्काला. पण आक्का अजून उठती-पडती. दाजी रात्री जागायचे, दिवसा जागायचे. डोळे लाल, दाढी वाढलेली. कमलबाई उंबऱ्यावर बसून रहायची. बोलायची न्हाई, तानुबाई आली तर दारातूनच वापस करायची.

एक दिवशी बसल्या बसल्या दाजीची मान कलली अन् ते पोरीसकट तिरपे झाले. मी धरलं. कमलबाई उठून आत आली.

"दे इकडं. तिच्यावर पडून मारशील तिला."

दाजी म्हणले, "न्हाई."

ती तशीच उभी. दाजी तसेच. मंग आक्का बाजंवरून म्हणली, "द्या त्यायला. मी सांगते, द्या."

दाजीनं आक्काकडं बघितलं अन् गाठ सोडली. कमलबाईनं चोळीच्या गाठी सोडल्या, मी पोरगी लावली अन् वरून कपडा आवळून बांधला. दाजी म्हणले, पाय बघत रहा. ती म्हणली, चार लेकरं केलेत मी, मला शिकवतू. अन् लगेच हात खाली घालून पाय बघितले. दाजी तितंच भुईवर आडवे झाले अन् घोरायले.

तेवढ्यात अंगणात दिनकरराव. आज तरी येतो का न्हाई तुझा ल्योक, म्हणले, का पोरीच्या नादानं ट्रॅक्टर विकू मी. कमलबाई उठली अन् दारात गेली. एवढ्या वर्षात थोरल्या दिरापुढं तिच्या डोईवरचा पदर कव्हा ढळला नव्हता, आवाज कुणी ऐकला नव्हता. आता दोन्ही हात पोरीखाली. पदर घ्यायला हात मोकळा नव्हता.

"भाऊजी," ती म्हणली, "शर्ट काढा अन् हिला बांधून घ्या. मंग त्याला उठवते. न्हाईतर ट्रॅक्टर तुमी चालवा."

दिनकररावनं तिच्या उघड्या डोक्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं, मंग भुईकडं. ट्रॅक्टरची चावी खिशातच होती त्यायच्या. गेले. जरा येळानं गावातून ट्रॅक्टर निघाल्याचा आवाज आला, गिअर कराकरा वाजायले होते.

पोरगी अडीच किलो होईस्तोवर दाजी ट्रॅक्टरवर चढले न्हाईत. तवर ती आक्का, दाजी अन् कमलबाई, अशी तीन छात्यावर फिरत राहिली. पण त्या दिवशी वजनाचा काटा-बिटा काही बघितला नव्हता कुणी. दिनकरराव गेले अन् कमलबाई दारातच उभी होती, पोरीच्या डोक्यावर हनुवटी टेकवून. मला म्हणली, "बघतीस काय? दार लाव. वारं यायलंय."